बरकतीची बाटली

न्हाई, बसा म्हटलेलं न्हाई मी तुमाला. त्या खुर्चीवर तर अजिबात न्हाई — ती वैजयंतीची खुर्ची हाय. महिनाअखेरीला डिंभ्याच्या औषध-डेपोवरनं मोजणीचा कागद घेऊन आली की ती तिथंच बसायची, डबा पण तिथंच खायची. तुमी उभ्यानं बोला, प्रबुद्धसाहेब. न्हाईतर असं करा, बोलूच नका, तुमचं बोलून झालंय सगळं त्या मेलमधी. वाचला मी. काय वाटलं, शमाला इंग्रजी वाचता येत नसंल? 'जुन्या हाती रिपोर्टात सातत्यानं नोंदीची चूक' — असंच लिहिलंय न? हाती रिपोर्ट म्हणजे माझा, आन चूक म्हणजे माझी. बावीस वर्षं ह्या गोडाऊनची किल्ली माझ्या कमरेला हाय. बावीस वर्षात जनावराच्या औषधाची एक बाटली हिकडची तिकडं झाली न्हाई. तुमी सात महिन्यांमागं आलात, लॅपटॉप उघडलात, आन मला चूक दाखवता.

एकच विचारायचंय म्हणता. तुमचं एकच लई लांब असतं, राव. हिवाळ्यात असंच एकच विचारायला आला व्हता आन दोन दिवस बसून गेला — ह्याच टेबलाशी, माझाच चहा पिऊन. हे काय, ते काय, हा माल कुठनं येतो, तो कुठं जातो, किती झाल्यावर मागवता, कोण मोजतं, कशावर लिहितं. मी सांगत गेले, तुमी टाइप करत गेलात. मान वर न्हाई केली एकदा. मी रडत रडत सांगितलं असतं तरी तुमाला कळलं नसतं, तुमी रडणं पण टाइप केलं असतं.

आन मग ती मीटिंग. मालकांनी, नानासाहेबांनी, मंगल कार्यालयाचा हॉल घेतला, आठी डेपोची माणसं बोलावली — बेल्हे, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, डिंभे, आन आमी जुन्नरवाले. मोठ्या पडद्यावर तुमी दाखवलंत. तीन हजार एकशे चाळीस वस्तू, आठ ठिकाणं — पंचवीस हजार ओळी. पयले इथं शमामावशीला चार दिवस लागायचे, म्हणालात. मावशी! बरं असू द्या. चार दिवस लागायचे, म्हणालात, आता बघा — आन बटण दाबलंत. अकरा सेकंद. तुमी मोजलेत पण तोंडानं, एक, दोन, तीन, शाळेत झेंड्याला मोजतात तसे. अकराला रिपोर्ट आला, रंगीत, हिरवं-लाल, खाली बेरजा. आन टाळ्या. लई टाळ्या झाल्या. मी पयल्या रांगेत बसले व्हते, माझ्या बाजूला वैजयंती. तिनं पण वाजवल्या.

तुमाला काय वाटतं, मी अडाणी म्हणून चिडले? मशीनला घाबरले? अहो, हितं पयला कॉम्प्युटर आला तवा त्याच्यावरचं प्लास्टिक काढायची कुणाची हिंमत नव्हती, ते मी काढलं. चाळिसाव्या वर्षी एक्सेल शिकले, कुणी शिकवलं न्हाई. माझ्या पोरीचं, फरहाचं, कॉलेजचं पुस्तक — तिचं वाचून झालं की मी घ्यायची. व्हीलूकअप मला येतो. पिव्हट येतं. आठ डेपोंच्या आठ फायली एकात ओढून घ्यायचं मी माझं माझं जमवलं, तुमची ती अजगराच्या नावाची कॉम्प्युटर-भाषा आमच्या गावाला ठाऊक नसताना. चार दिवस लागायचे ते बेरजेला न्हाई लागायचे. बेरीज अर्ध्या दिवसात व्हायची. साडेतीन दिवस मी बघायचे.

काय बघायचे म्हणजे? ओळी बघायचे. एकेक. बेल्ह्याच्या बाजाराला टेम्पो भरून बैल येणार, म्हणजे खुराचं मलम आदल्या दिवशीच पोचलं पायजे, मग आकडा काय का म्हणंना. चतुर्थीला लेण्याद्रीची गर्दी, गोळेगावकडनं टेम्पो घालायचा न्हाई, अडकतो. ओतूरचा माणूस मोजताना खालचा खण इसरतो, त्याला फोन करायचा, खाली वाक म्हणायचं. हे सगळं मी शेवटच्या रकान्यात लिहायचे. शेरा. माझ्या रिपोर्टाला शेऱ्याचा रकाना व्हता — तुमी काढून टाकलात. 'ह्यात काहीही मजकूर असतो, मशीनला ह्याचा उपयोग न्हाई' — तुमचेच शब्द, माझ्यासमोर. काहीही मजकूर! बावीस वर्षांचा काहीही मजकूर.

हां, विचारा, विचारा, तेच विचारा. माझ्या रिपोर्टात प्रत्येक वस्तू डेपोच्या मोजणीपेक्षा एकनं कमी का. सगळीकडं, प्रत्येक महिन्याला, एक कमी. बारा मोजल्या तर मी अकरा लिहायचे, एक असली तर शून्य. तुमी जुन्या कागदांशी ताडून बघितलंत म्हणे, पंचवीस हजार ओळीत एकसारखं. मग एक सांगा मला, एवढं शिकलेले तुमी — चूक कधी एकसारखी असते का? माणूस चुकतो तर कधी दोननं चुकतो, कधी दहानं चुकतो, कधी जास्त, कधी कमी. पंचवीस हजार ओळीत जो एकनंच चुकतो तो चुकत न्हाई, राव. तो काहीतरी करतो. एवढं तुमच्या डोक्यात आलं न्हाई, आन मेल मात्र केलात नानासाहेबांना.

ते बरकतीचं हाय.

बरकत. लिहा, लिहायचं असंल तर. माझ्या अब्बांचं पेठेत बियाण्याचं दुकान व्हतं, छोटं, ह्या टेबलाएवढं. अब्बा डब्यातलं शेवटचं माप कधी विकायचे न्हाईत. मेथी असो, कोथिंबीर असो, तळाला एक माप राहणारच. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो दिसतंय की, द्या की. अब्बा म्हणायचे ते विकायचं न्हाई, ती बरकत हाय, डबा रिता केला तर दुकान रितं व्हतं. आन नवीन पोतं आलं की मगच जुनं माप बाहेर. एवढ्या एका गोष्टीत अब्बा कुणाचं ऐकायचे न्हाईत. फक्त कुणाचं पेरणीचं अडलं, वाफसा निघून चाललाय, दुसरीकडं कुठं मिळत न्हाई — तर मग उठून स्वतः द्यायचे, आन दुसऱ्या दिवशी पयल्या गाडीनं बी आणायला जायचे. डबा रिता असताना त्यांना जेवण जायचं न्हाई.

मी हितं आले तवा तेच लावलं. हितं तर औषधं — बी एक वेळ न्हाई मिळालं तरी चालतं. आठी डेपोत, प्रत्येक खणात शेवटचा एक नग बरकतीचा. विकायचा न्हाई. जनावराच्या जीवावर बेतलं असंल तरच द्यायचा, आन दिला की मला फोन. आन रिपोर्टात तो धरायचा न्हाई. खणात एक राहिला की माझ्या कागदावर शून्य. शून्य दिसलं की मी माल पाठवणार, त्याच दिवशी. म्हणजे नवीन माल निघायचा तवा खण रिकामा नसायचा, एक असायचाच, अडल्या वेळेला. बावीस वर्षात एक जनावर आमच्या खणाशी येऊन औषध न्हाई म्हणून परत गेलं न्हाई. नानासाहेबांना ठाऊक न्हाई हे. त्यांना काय, त्यांना विक्री. डेपोवाल्यांना ठाऊक हाय, मी एकेकाला तोंडी शिकवलंय. वैजयंतीला सगळ्यात नीट.

तुमी विचारलंत, हो, विचारलंत. किती झाल्यावर माल मागवता? मी म्हटलं, शून्य झालं की. खोटं बोलले का? माझ्या कागदावर शून्य झालं की मी मागवायचेच. तुमी तेच लिहून घेतलंत — शिल्लक शून्य, तर मागणी आपोआप. कुठल्या कागदावरचं शून्य, हे विचारलंत का?

बरं. विचारलंत. असं नका बघू माझ्याकडं. हां, तुमी लॅपटॉप मिटायच्या आधी म्हटलं व्हतं, मावशी अजून काही नियम हाय का, काही राहिलं का. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा दारातनं वळून म्हटलं. मी म्हटलं, न्हाई, काही न्हाई, या आता.

का म्हणजे? वाटलं म्हणून! वाटलं, अकरा सेकंदाचा शहाणा हाय न हा, काढू दे त्याचं त्याला शोधून. वाटलं पंधरा दिवसात तोंडावर पडेल ते यंत्र, कुठलातरी खण अडेल, नानासाहेब चिडतील, तुमी हात चोळत याल ह्याच दारात — मावशी, काय चुकलं ते सांगा. मग मी सांगणार व्हते. सगळं सांगणार व्हते. चहा पण केला असता. पण तुमी आलाच न्हाई. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, रोज सकाळी सहाला तुमचा रिपोर्ट, हिरवा हिरवा, अन् अडलं न्हाई कुठं. उन्हाळ्यात जनावरांचं औषध जातंच किती? पुष्कळ खणात पाच-पाच, सहा-सहा पडून. मला चार दिवस काम नसायचं. चाव्या घेऊन बसायचे. टेम्पो आला की शटर वर, गेला की खाली. वॉचमन करून टाकलं तुमी मला.

पोटफुगीचं औषध म्हणजे कसं, ते वर्षभर कुणी विचारत न्हाई. पाऊस लागून आठ-पंधरा दिवस झाले, कवळं गवत आलं, की जनावरं तुटून पडतात त्याच्यावर — वर्षभर वाळलेलं खाल्लेलं असतं. मग फुगतात. डावी कूस ढोलासारखी व्हते, श्वास कोंडतो, काही तासांत खेळ संपतो. शंभर मिलीची बाटली पाजली की तासाभरात उतरतं. मी दरसाल मिरगाच्या आधी आहुप्याच्या बाजूची सोय म्हणून डिंभ्याला चोवीस बाटल्या जास्तीच्या पाठवायचे. हे कुठं लिहिलेलं असायचं? शेऱ्यात. तुमी फेकलात त्या शेऱ्यात. ह्या वर्षी कोण पाठवणार? यंत्र. यंत्र बघत बसलं शून्य कधी व्हतंय. आन शून्य व्हतंय कशाला? खणात बरकतीची एक उभी. शिल्लक एक. हिरवं.

एकोणीस दिवस. एकोणीस दिवस डिंभ्याचा खण एकावर उभा. वैजयंतीनं पयला फोन केला पयल्याच दिवशी. आपा, एकच राहिली, माल निघाला का? मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, मला काय विचारतेस, मशीनला विचार, टाळ्या वाजवल्यास न तिच्यासाठी. ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करते. आठ दिवसांनी परत — आपा, माणसं परत जातायत, संपलं म्हणून सांगते, बरकतीची तेवढी ठेवलीय. मी म्हटलं, नवीन साहेबाला मेल कर, इंग्रजीत कर. तवा हसली न्हाई. तुमच्या त्या ॲपात तिला मागणीचं बटण पण नव्हतं, मागणी यंत्र ठरवणार, माणसानं मधी बोट घालायचं न्हाई. तिनं केला व्हता का मेल तुमाला? — केला व्हता. आन तुमी? — 'शिल्लक एक आहे, शून्यावर मागणी आपोआप जाईल.' वा. म्हणजे तिनं माझं दार वाजवलं, तुमचं दार वाजवलं. दोन्ही बंद. फरक एवढाच की तुमाला ठाऊक नव्हतं.

मंगळवारचं तुमाला सांगायला नको, ऐकलंय सगळ्यांनी. सकाळी एकजण म्हशीसाठी आला, म्हैस आडवी पडलेली, वैजयंतीनं बरकतीची बाटली दिली. बरोबर केलं. मी असते तरी दिली असती. आन बाराच्या सुमाराला चिमाबाई आली आहुप्यावरनं, जीपमधी उभी राहून, दीड तासाचा घाट उतरून. बैल फुगलाय म्हणाली. तेल पाजून झालं, चालवून झालं, उतरत न्हाई. जोडीतला एक बैल, अन् आवणीचे दिवस, खाचरात चिखलणी अर्धी राहिलेली. तिला नवरा न्हाई, ठाऊक हाय का? ती आन तिची सून. बैलाचं औत तेच तिचं घर चालवतं — स्वतःचं झालं की गावातल्या चार जणांच्या खाचरात ती बैल घालते, त्याच्या बदल्यात ते तिची आवणी करतात. खण रिकामा. घोडेगाव-मंचरच्या डेपोत पण न्हाई, तिथल्या माणसांनी पण बरकतीची सकाळीच देऊन टाकलेली. डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या टोकाला. चिमाबाई डेपोच्या पायरीवर बसली. बैल पाच वाजता गेला.

आन मग तुमचं शून्य झालं! बुधवारी सकाळी सहाला लाल ओळ, आपोआप मागणी, कंपनीकडनं आपोआप गाडी, गुरुवारी डिंभ्याला चोवीस बाटल्या पोच. लई कामाचं यंत्र हाय.

मग आता आला कशाला? मेल केलात, चूक माझी म्हणालात, झालं की. — न्हाई, ते मला ठाऊक हाय. चार वाजता नानासाहेब वैजयंतीला बोलावणार हायेत. ऑफिसातल्या बाकावर बसलीय ती सकाळपासनं, पिशवी मांडीवर घेऊन, बघितली मी येताना. तिच्याकडं न बघता आले. नानासाहेब काय म्हणतात तेही ठाऊक हाय — रिपोर्टात एकोणीस दिवस शिल्लक एक, आन ही बाई गिऱ्हाइकाला संपलं म्हणून सांगत व्हती, म्हणजे माल दाबून ठेवत व्हती, ओळखीच्याला द्यायला. तुमच्या रिपोर्टावर तसंच दिसतं. खोटं कुठं हाय त्यात? शिल्लक व्हती, दिली न्हाई. पंचवीस हजार ओळीत एक ओळ तिच्याविरुद्ध, आन ती बाई तोंड उघडत न्हाई. बरकतीचं बोलली न्हाई. फोनचं बोलली न्हाई. का बोलत न्हाई, ते मला विचारू नका.

विचारू नका म्हटलं न.

माझ्यासाठी बोलत न्हाई. झालं समाधान? दहा वर्षांमागं आली तवा तिला बाटलीवरची तारीख वाचता येत नव्हती, पेटी उचलायच्या कामाला आलेली. तिला मी बसवलं त्या खुर्चीवर. मोजायला शिकवलं, लिहायला शिकवलं, डिंभ्याचा डेपो उघडला तवा नानासाहेबांशी भांडून किल्ली तिला दिली. घरात कमावणारी ती एकटी हाय, दोन पोरी शिकतायत. आन तिनं तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या — अकरा सेकंद, आन टाळ्या. ते लागलं मला. हां, लागलं. तुमी काय, तुमी कोण, उद्या दुसरीकडं जाल. तिनं वाजवायला नको व्हत्या.

हे काय? लॅपटॉप माझ्याकडं कशाला वळवताय? मला नका दाखवू रंग. मंगळवारचा रिपोर्ट — बरं, मंगळवारचा. पोटफुगीचं औषध, शंभर मिली. डिंभे, एक. घोडेगाव, एक. मंचर, एक. कळलं, सगळीकडं एक. पुढं काय — खाली कशाला सरकवताय? खाली काय हाय?

जुन्नर.

अच्छा. म्हणजे तुमाला ठाऊक हाय. आल्यापासनं ठाऊक व्हतं, आन गुमान उभं राहून मला बोलू देताय मघापासनं. पोलिसात भरती व्हायचं व्हतं तुमी, राव. माझ्या रिपोर्टात ती कधी दिसली नसती. माझ्या रिपोर्टात जुन्नर शून्य असतं. बावीस वर्षं ह्या कपाटातला बरकतीचा नग कुणाला दिसला न्हाई, मी सोडून; डेपोच्या माणसांना नुसतं ठाऊक व्हतं. तुमचं मेलं यंत्र सगळं मोजतं.

हां, हाय. ह्याच कपाटात. मधल्या खणात, डावीकडं. ही बघा. मंगळवारी पण हितंच व्हती, आज पण हितंच हाय. हातात घ्यायची न्हाई, लांबनं बघा.

तिनं फोन केला व्हता. तेच ऐकायला आलायत न? बारा वाजून पाच मिनिटांनी. मग बारा नऊ. मग बारा वीस. चिमाबाई पायरीवर बसलेली असणार तवा. वैजयंतीला ठाऊक व्हतं आपाच्या कपाटात एक असती, म्हणून केला — यंत्राला न्हाई केला, तुमाला न्हाई केला, मला केला. फोन ह्या टेबलावर व्हता, इथं, चष्म्याच्या डबीशेजारी. नाव दिसत व्हतं. मी डबा खात व्हते. म्हटलं, वाजू दे. म्हटलं, परत तेच असंल, माल कधी निघतो. म्हटलं, मशीनला विचारू दे. तीनदा वाजला. तिसऱ्यांदा मी तो उलटा ठेवला.

आता तुमी म्हणाल बाटली पोचली नसती. म्हणा. म्हणत न्हाई तुमी, पण म्हणा एकदा. मी करून बघितलाय तो हिशोब, तुमच्यापेक्षा जास्त वेळा. बारा पाचला फोन उचलला. बारा दहाला आमच्या ड्रायव्हरची मोटरसायकल निघाली. घोडेगाववरनं डिंभे दीडच्या आत. चिमाबाईची जीप थांबलेली व्हतीच. घाट दीड तास, पाऊस धरून दोन. साडेतीन. बैल पाच वाजता गेला. दीड तास शिल्लक राहतो. कसंही मांडा, वरनं मांडा, खालनं मांडा, दीड तास राहतोच. बारा वीसचा फोन धरला तरी सवा तास राहतो. बावीस वर्षं मी सगळ्यांच्या बेरजा तपासल्या, राव, ही बेरीज चुकत न्हाई.

तुमी बोलू नका. तुमचं पण व्हतं म्हणू नका, मेल वाचून मी पण लक्ष दिलं न्हाई म्हणू नका — मला तुमची वाटणी नको हाय. तुमच्या वाटणीचं तुमी ठेवा. किती वाजले? सव्वातीन. चार वाजता म्हणजे पावणेचारलाच बसतात ते.

उघडा ते. मंगळवारचा रिपोर्ट उघडा. त्याच्यात शेरा कुठं लिहायचा? जागा ठेवलीच न्हाई न तुमी. मग घाला की रकाना, अकरा सेकंद लागतात तुमाला. शेवटी घाला, नावं बिवं काही देऊ नका, शेरा म्हणा. आन त्याच्या आधी आजच्या रिपोर्टात दुसरं एक करा — प्रत्येक ओळीतनं एक वजा. सगळ्या डेपोत. एक राहिला की शून्य. चालवा.

किती? सहाशे अकरा? सहाशे अकरा ओळी लाल — म्हणजे सहाशे अकरा खण एकावर उभे हायेत आत्ता ह्या घडीला, आन तुमचं यंत्र हिरवं म्हणत बसलंय. या अल्ला. छापा ते. मला द्या, गाडी मी लावते, कुठलं पयलं जायचं ते तुमाला कळणार न्हाई. आधी छापा न्हाई, आधी शेरा. मंगळवारच्या रिपोर्टात जुन्नरच्या ओळीवर या. मी सांगते तसंच लिहा, एक शब्द हिकडं तिकडं करायचा न्हाई, आन 'नोंदीची चूक' असलं काही लिहायचं न्हाई.

डिंभे डेपोची मागणी आली, तीन वेळा. माल व्हता. पाठवला न्हाई.

खाली नाव घाला. माझं, कुणाचं? शमा. त्याच्या खाली डिंभ्याच्या ओळीवर लिहा — नियम गोडाऊनचा, डेपोनं पाळला. एवढंच. पाठवा नानासाहेबांना. उद्या सकाळी सहाला न्हाई, आत्ता, माझ्यासमोर. दाबा.

गेला?

मग उभं काय राहिलायत? जावा. जाताना त्या बाकावरच्या बाईला काही सांगायचं न्हाई, कळंल तिचं तिला. आन कपाटाकडं बघत जाऊ नका — ती बाटली विकायची न्हाई. शटर निम्मं वढा जाताना. ऊन येतंय.